मुख्याध्यापकाचे दोन तास : सोलापूरच्या संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व संचालक मंडळाचे सदस्य,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील खाजगी शिक्षण संस्था

विषय : मुख्याध्यापक व प्राचार्य यांना शाळा-महाविद्यालय चालवण्यासाठी वेळ आणि अधिकार मिळण्याबाबत.

सन्माननीय महोदय, महोदया,

दहावीचा निकाल लागला की आपण मुख्याध्यापकांना संस्थेच्या कार्यालयात बोलावता आणि विचारता, "गणितात एवढी मुलं का गेली?" प्रश्न रास्त आहे. पण नववी-दहावीच्या गणिताच्या किती तासांना मुख्याध्यापक वर्गात मागे बसले होते, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर बहुतेक ठिकाणी एक किंवा शून्य असं येईल. याचा दोष एकट्या मुख्याध्यापकांचा नाही, म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहोत.

मुख्याध्यापकांचा दिवस कशात जातो ते पाहा. शालार्थ या वेतनप्रणालीतलं वेतनबिल, यू-डायस प्लस या शाळांच्या केंद्रीय नोंदीतली माहिती, विद्यार्थ्यांची आधार पडताळणी, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक), शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराची रोजची नोंद. वर व्हॉट्सॲपच्या गटावर "तात्काळ, आज दुपारी ३ पर्यंत" असा निरोप. लिपिकाची जागा रिकामी असते, शिपायाची पदं जाऊन त्याजागी ठोक भत्ता आला आहे. भर म्हणून संस्थेचा फोन : पाहुणे येणार आहेत, मुलींचं स्वागतगीत बसवून ठेवा.

आमची मागणी छोटी आहे. दररोज दोन तासिका मुख्याध्यापकांच्या स्वतःच्या असाव्यात. ३५ मिनिटांच्या दोन, म्हणजे सत्तर मिनिटं. त्या वेळेत फोन नाही, सही नाही, बैठक नाही. एका तासिकेत कुठल्या तरी वर्गात बसायचं, दुसरीत त्या शिक्षकाशी बोलायचं आणि मुलांच्या वह्या पाहायच्या.

हिशेब घालून बघा. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस कामाचे धरले आहेत. चाचण्या, सत्रपरीक्षा, स्नेहसंमेलन, प्रशिक्षणं, निवडणुकीची कामं, पहिला आठवडा आणि शेवटचा आठवडा वजा केला तरी साधारण १४० दिवस उरतात. चोवीस शिक्षकांच्या शाळेत प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला पाच ते सहा पूर्ण तास येतात. आज बऱ्याच ठिकाणी हा आकडा दोन असतो, तोही कागदावर.

कागदावर म्हणण्याचं कारण लॉगबुक, म्हणजे तास पाहून मुख्याध्यापकांनी शेरे लिहायची वही. ते उघडून चाळा. "अध्यापन समाधानकारक. फलकलेखनात सुधारणा व्हावी. विद्यार्थी सहभाग वाढवावा." हीच तीन वाक्यं मराठीच्या शिक्षकाला, हीच विज्ञानाच्या शिक्षकाला. कधीकधी सगळ्या नोंदींची शाईही एकच असते, कारण मार्चमधल्या एका दुपारी बसून वर्षाचं लॉगबुक भरलेलं असतं. तपासणीला येणारा अधिकारी वही आहे की नाही हे पाहतो, म्हणून वही असते.

पाहणी उपयोगी पडायची तर ती अशी होते. शिक्षकाला आदल्या दिवशी सांगावं. चोरपावलांनी गेल्यास दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांना मुलं आणि शिक्षक मिळून एक नाटक करून दाखवतात. तास सुरू होण्याआधी शेवटच्या बाकावर बसावं आणि घंटा होईपर्यंत उठू नये. शिक्षकाकडे कमी, मुलांकडे जास्त पाहावं. वर्गाचा कच्चा नकाशा काढून प्रश्न विचारला गेलेल्या प्रत्येक मुलावर टिंब द्यावं. पन्नासच्या वर्गात सगळी टिंबं पहिल्या दोन रांगांतल्या सात-आठ जणांवरच पडल्याचं दिसेल, आणि ते शिक्षकालाही ठाऊक नसतं. मग मधल्या रांगांतल्या पाच मुलांच्या वह्या घ्याव्यात. हुशार मुलाची वही शिक्षकाचं काम दाखवत नाही, घरच्या शिकवणीचं दाखवते. वह्यांत लाल शाईची खूण आहे पण चूक तशीच आहे, असं दिसलं तर वही तपासलेली नाही, नुसती उलटलेली आहे.

बोलणं त्याच दिवशी व्हावं, दहा मिनिटांत आटपावं, आणि सुधारणा एकच सांगावी. पाच सांगितल्या की एकही होत नाही. पंधरा दिवसांनी त्याच वर्गात परत जाऊन ती एक झाली का एवढंच पाहावं. आणि हा कागद गोपनीय अहवालाला जोडू नये. ज्या दिवशी शिक्षकांना कळतं की वर्गातली टिपणं वार्षिक शेऱ्यात जातात, त्या दिवसापासून मुख्याध्यापकांना फक्त आधीच शिकवून झालेला धडा दिसतो.

वेळापत्रकाकडेही आपलं लक्ष वेधायचं आहे, कारण शाळेचं खरं धोरण तिथे लिहिलेलं असतं. ज्येष्ठ शिक्षक दहावीला, नवखा पाचवीला, ही वाटणी आपल्याकडे रूढ आहे. पाचवीत भागाकार कच्चा राहिला की नववीत बीजगणित कोसळतं, मग दहावीत जादा तासांचा उपाय होतो. दोन चांगले गणित शिक्षक असतील तर एक पाचवी-सहावीला लावणं हा निर्णय मुख्याध्यापकच घेऊ शकतात, पण तो घेताना पहिल्या वर्षी दहावीचा निकाल दोन-चार टक्के हलला तर आपण त्यांच्या पाठीशी राहणार का, हे त्यांना आधी कळायला हवं. आपलं सोलापूरचं ऊन तर सगळ्यांच्या परिचयाचं. मार्चनंतर दुपारच्या शेवटच्या दोन तासिकांना पत्र्याच्या खोलीत व्याकरण किंवा गणित ठेवणं म्हणजे ते न शिकवणं. तरीही ते तिथे असतं, कारण वेळापत्रक जूनमध्ये एकदा लागतं आणि नंतर त्याला कुणी हात लावत नाही.

ऑफ तासांचा हिशेब तर कुणीच ठेवत नाही. लग्नसराईत एका दिवशी तीन शिक्षक रजेवर गेले आणि प्रत्येकाचे सहा तास असले, तर अठरा तासिका उघड्या पडतात. बदली तासाच्या वहीत कुणाचं तरी नाव लागतं, तो शिक्षक वर्गात जाऊन "गप्प बसा, आपापलं वाचा" म्हणतो. उपाय स्वस्त आहे. प्रत्येक इयत्तेसाठी प्रत्येक मुख्य विषयाचे वीस एकतासी सराव कागद जूनमध्येच तयार करून शिक्षक-खोलीतल्या कपाटात ठेवायचे. बदली शिक्षक विषयाचा नसला तरी कागद वाटू शकतो, गोळा करू शकतो. झेरॉक्सचा खर्च संस्थेने उचलावा; एखाद्या सत्कारातल्या शाली आणि नारळांपेक्षा तो जास्त होणार नाही.

आता आपल्या जिल्ह्यापुरतं. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत जे नसतं ते इथल्या मुख्याध्यापकांना सांभाळावं लागतं. शहराच्या पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, शहरातल्या अनेक वस्त्यांत उर्दू. प्राथमिक शिक्षण त्या माध्यमातून झालेलं मूल पाचवीला किंवा आठवीला मराठी शाळेत येतं आणि पहिले सहा महिने गप्प राहतं. शिक्षक त्याला "ढ" समजतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक नव्या मुलाकडून तिसरीच्या पातळीचा एक मराठी उतारा मोठ्याने वाचून घ्यायला एकाला तीन मिनिटं लागतात, चाळीस मुलांना दोन तास. त्यावरून कोणाला भाषेची अडचण आहे आणि कोणाला विषयाची, हे वेगळं निघतं. या दोन अडचणींवरचे उपाय वेगळे आहेत आणि ते न ओळखणं ही आपल्याकडची सर्वांत महागडी चूक आहे.

पालकसभेचंही तसंच. दुपारी बाराला बोलावलेल्या सभेला यंत्रमागावर पाळी करणारा बाप आणि विड्या वळणारी आई येत नाही, आणि इतिवृत्तात "पालकांची उदासीनता" अशी नोंद होते. त्या आईची मजुरी वळलेल्या विड्यांच्या हजारावर ठरते. सभेचे दोन तास तिला पैशांत मोजावे लागतात. सभा वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी घेऊन पाहा. त्यासाठी मुख्याध्यापकांना शाळेच्या वेळेत तेवढी सूट द्यावी लागेल, आणि ती देणं आपल्या हातात आहे.

ग्रामीण भागात संचमान्यतेसाठी (पटावरून ठरणाऱ्या शिक्षकपदांच्या मान्यतेसाठी) ३० सप्टेंबरची पटसंख्या भरलेली दिसते, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांबरोबर वर्गातली मुलंही जातात. ती परततात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते. कोणती घरं जाणार आहेत हे गावात दसऱ्यालाच ठाऊक असतं, कारण मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) तोवर घेतलेली असते. त्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी यादी केली, कोणतं मूल आजीजवळ ठेवता येईल, कोणाला वसतिगृहात घालता येईल, कोणाबरोबर शिक्षण हमी कार्ड (जिथे जाईल तिथल्या शाळेत शिकता यावं म्हणून) द्यायचं हे ठरवलं, तर निम्मी गळती थोपवता येते असं आमचं मत आहे. दिवाळीनंतर केलेली यादी म्हणजे फक्त गैरहजेरीपत्रक. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अडवणूक कधीही होऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला तात्काळ देणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे, विलंब केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तुकडी टिकावी म्हणून दाखले रोखून धरायला आपण सांगता, तेव्हा त्या कलमापुढे आपण त्यांना एकट्याला उभं करता.

यापुढचा मुद्दा कदाचित आपल्याला आवडणार नाही. तो प्रभारीपणाचा आहे.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीचा नियम ३ सांगतो की पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला मुख्याध्यापक करायचं. अल्पसंख्याक संस्थांना या बाबतीत मोकळीक आहे, बाकीच्यांना नाही. पुष्कळ संस्थाचालक या नियमाबद्दल कुरकुर करतात. पण त्याचा मोठा फायदा आपण वापरतच नाही : पुढचा मुख्याध्यापक कोण, हे आपल्याला काही वर्षं आधी ठाऊक असतं. सध्याचे मुख्याध्यापक वयाच्या ५८ व्या वर्षी कोणत्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार, तेही ठाऊक असतं. तरीही निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी असते आणि "तात्पुरता" पदभार दिला जातो. तो तात्पुरता काळ कधीकधी वर्षानुवर्षं चालतो.

असं का होतं? बहुतेक वेळा त्याच नियमावलीच्या अनुसूची 'फ' प्रमाणे ज्येष्ठता यादी दरवर्षी कर्मचाऱ्यांना दाखवून, हरकती घेऊन, सह्यांसह कायम केलेली नसते. निवृत्तीच्या महिन्यात दोन दावेदार निघतात, प्रकरण शाळा न्यायाधिकरणात जातं. दुसरं कारण संस्थेच्या आतलं. संचालक मंडळाच्या निवडणुकीनंतर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट (संचालक बदलल्याची माहिती) दिलेला नसतो किंवा त्यावर वाद असतो. मग नेमणुकीच्या ठरावावर कुणाची सही चालणार, हेच ठरत नाही आणि शिक्षणाधिकारी मान्यता थांबवतात. तिसरं कारण आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही. प्रभारी माणूस ऐकतो. कायम झालेला "नाही" म्हणू शकतो.

प्रभारी मुख्याध्यापक काय करू शकत नाही, तेही पाहा. तो उशिरा येणाऱ्या सहकाऱ्याला लेखी समज देत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच्याच शेजारी बसायचं आहे. पाचवीचं वेळापत्रक बदलत नाही, कारण फळ तीन वर्षांनी दिसणार आणि तोवर आपण असू का, हे त्याला माहीत नाही. तो फक्त आजचा टपाल पाठवतो.

म्हणून ज्येष्ठता यादीतल्या पुढच्या नावाला दोन वर्षं आधी कामाला लावा. पहिल्या वर्षी वेळापत्रक आणि बदली तास त्यांच्याकडे द्या, दुसऱ्या वर्षी शालार्थ, संचमान्यता, कॅशबुक आणि परीक्षेचं नियोजन. निवृत्तीच्या सहा महिने आधी प्रस्तावाची फाईल उघडा : कायम ज्येष्ठता यादी, संस्थेचा ठराव, कुणी नकार देत असेल तर त्यांचं लेखी नकारपत्र, चालू संचमान्यता, मूळ सेवापुस्तक, आधीच्या मान्यतेची प्रत. यातला एक कागद नसला तरी फाईल त्रुटीत परत येते, आणि त्रुटी काढायला लागणारे दोन महिने सहा महिन्यांत सामावतात, पंधरा दिवसांत सामावत नाहीत.

महाविद्यालयांत प्रभारी प्राचार्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्राचार्यांची मुदत पाच वर्षं आहे आणि ती एकदा वाढवता येते. म्हणजे मुदत कधी संपणार हे पहिल्या दिवशीच कळतं. पीएच.डी., पंधरा वर्षांचा अनुभव, दहा शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण यांत बसणारे उमेदवार आपल्या भागात ओळीने उभे नसतात, हे खरं. त्यासाठीच जाहिरात आणि निवड समितीची प्रक्रिया वर्षभर आधी हलवायला हवी. आपलं विद्यापीठ एकाच जिल्ह्यासाठी आहे, २००४ पासून. इतर अनेकांना कागद घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं, आपल्याला केगावच्या विद्यापीठापर्यंत जायचं असतं. ही सोय वाया घालवू नये.

महाविद्यालय विकास समितीबद्दल एवढंच म्हणू : २०१६ च्या विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे तिच्यात निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर प्रतिनिधी आणि विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारीही असतात, आणि वर्षातून किमान चार बैठका व्हायच्या असतात. नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) भेट जवळ आली की चार वर्षांची इतिवृत्तं एका रात्रीत लिहिणारे हात आपल्याच कार्यालयात बसतात. ती समिती खरोखर बसली, तर तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना पहिलं मानधन कधी मिळालं आणि त्यांतले किती जण सत्राच्या मध्येच सोडून गेले, हा प्रश्न कुणीतरी विचारेल. २०२४-२५ पासून पदवीला नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला आहे. मुख्य, दुय्यम, कौशल्य अशा विषयांची जुळवाजुळव प्राचार्यांनी कर्मचारीसंख्या पाहून करायची असते. संचालकांच्या शिफारशीवर उघडलेल्या विषयाला शिकवणारा नसतो, आणि मुलाच्या गुणपत्रिकेवर त्याचे क्रेडिट मात्र असतात.

पैशांचे अधिकार हा तसा कंटाळवाणा मुद्दा, पण दोन तासांचा निम्मा वेळ तिथेच अडतो. पंखा बंद पडला, नळाची तोटी गळते, प्रयोगशाळेत लिटमस संपला, या प्रत्येकासाठी सचिवांची सही लागत असेल तर मुख्याध्यापक दिवसभर सहीच्या मागे असतात. महिन्याला पाच हजारांपर्यंतची किरकोळ रक्कम त्यांच्या अधिकारात लेखी द्या, महिनाअखेर व्हाउचर तपासा. उलट, कोऱ्या धनादेशावर किंवा तारीख नसलेल्या व्हाउचरवर त्यांची सही कधीही मागू नका. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की उत्तर देणारी सही त्यांचीच असते.

पाण्याचा हिशेबही संस्थेनेच करायचा आहे. शहरात रोज नळ येत नाही. आठशे मुलांच्या शाळेत पिण्याचं आणि स्वच्छतागृहाचं मिळून मुलामागे पाच लिटर धरले, तरी दिवसाला चार हजार आणि पाच दिवसांच्या खंडाला वीस हजार लिटर साठा लागतो. टाकी पाच हजारांची असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लागतं, आणि तिसऱ्या दिवशी आठवी-नववीच्या मुलींची हजेरी कमी दिसते. मुख्याध्यापक हजेरीवर कितीही सभा घेवोत, हे काम टाकीचं आहे.

आणि एक गोष्ट जिथे तडजोड नाही. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचाराचा संशय जरी आला, तरी "आधी संस्थेला कळवा, चौकशी करू, नाव खराब होईल" असं मुख्याध्यापकांना सांगू नका. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे खबर थेट पोलिसांना द्यावी लागते. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेल्या गुन्ह्याची खबर न देणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आहे. मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलक भिंतीवर असणं पुरेसं नाही. समितीतल्या बाईंचा फोन नंबर पाचवीच्या मुलीला पाठ आहे का, ते विचारा.

आपण शाळेपासून दूर राहावं असं आम्ही म्हणत नाही. बार्शीत कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्यासारख्यांनी संस्था उभ्या केल्या त्या लांबून नव्हे. जमीन, इमारत, निधी, नेमणुका, न्यायालयीन कामं, शासनदरबारचा पाठपुरावा हे संस्थेचं काम आहे आणि ते मुख्याध्यापकांना जमणारही नाही. माहिती भरण्यासाठी तीन शाळांत मिळून एक संगणक ऑपरेटर संस्थेने नेमला, तर तिन्ही मुख्याध्यापकांचे रोजचे दोन तास सुटतात. ज्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्या जिल्ह्यात चांगल्या शिक्षकांचा दुष्काळ आहे असं आम्हाला वाटत नाही. त्यांच्या वर्गात जाऊन बसायला कुणाला तरी मोकळं करणं बाकी आहे.

पुढच्या सभेपुढे ठेवता येईल असा मसुदा सोबत देत आहोत. शब्द आपल्या सोयीने बदलावेत, आकडे शक्यतो बदलू नयेत.

"ठराव : संस्थेच्या सर्व शाखांतील मुख्याध्यापक व प्राचार्य यांच्या दररोजच्या दोन तासिका वर्गनिरीक्षण व शिक्षकांशी चर्चेसाठी राखीव राहतील. या वेळेत संस्था कार्यालयातून दूरध्वनी, बैठक अथवा सहीसाठी बोलावणे होणार नाही; अपघात व पोलीस प्रकरण याला अपवाद. किरकोळ खर्चासाठी दरमहा रु. ५,००० पर्यंतचा अधिकार शाखाप्रमुखास राहील. ज्येष्ठता यादी दरवर्षी कर्मचाऱ्यांच्या सह्यांसह कायम करण्यात येईल. शाखाप्रमुखाच्या निवृत्तीपूर्वी सहा महिने, व प्राचार्यपदाबाबत एक वर्ष, नेमणुकीची कार्यवाही सुरू होईल. दर तिमाहीस संचालक मंडळ शाखाप्रमुखाकडून पाहिलेल्या तासांची संख्या, ऑफ तासांची संख्या व गैरहजर विद्यार्थ्यांची इयत्तावार यादी घेईल."

आपले,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील काही निवृत्त मुख्याध्यापक, प्राचार्य व कार्यालयीन अधीक्षक